राजाची नात की सुईणीची लेक?

न्यूयॉर्कच्या जुन्या डच घराण्यांशी नातं लावू पाहणारे अमेरिकन लोक हमखास एका बाईपाशी येऊन पोचतात : आनेके यान्स. मॅनहॅटन बेटावर तिची 62 एकर जमीन होती. 1671 मध्ये वारसांनी ती इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली, पण कॉर्नेलिस या वारलेल्या मुलाच्या वारसाची त्या खतावर सही नव्हती. 1705 मध्ये इंग्लंडच्या अॅन राणीने जमीन ट्रिनिटी चर्चला दिली, तिच्यावर शहर उभं राहिलं आणि राहून गेलेल्या त्या एका सहीच्या जोरावर वंशजांच्या पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. हाती काही लागलं नाही. कुळकथा मात्र फोफावली : आनेके ही डच राष्ट्रपुरुष ऑरेंजच्या विल्यमची गुप्त विवाहातून आलेली नात, आणि तिच्या वंशजांसाठी हॉलंडमध्ये मोठं घबाड पडून आहे!

ही कथा खपली, कारण ‘यान्स’ हे तिचं घराणं नव्हतंच. यान्स म्हणजे यानची मुलगी. न्यू नेदरलंड या तिथल्या डच वसाहतीत आलेल्या बहुतेक सामान्य माणसांना आडनाव नव्हतं. आपण मधे लिहितो ते वडिलांचं नाव तिथे शेवटी यायचं आणि दर पिढीला बदलायचं. आनेकेची आई त्राइन योनास, योनासची मुलगी. आनेकेचा पहिला नवरा रूलोफ यान्सेन, म्हणून तिच्या मुली सारा रूलोफ्स आणि त्राइंत्ये रूलोफ्स. दुसरा नवरा पाद्री एवरार्डस बोगार्डस. त्याने आडनाव लावलेलं असल्याने त्याचे मुलगे बोगार्डस. एकाच घरात तीन पिढ्या आणि चार शेवटची नावं. शिवाय डच दप्तरात बाई लग्नानंतरही स्वतःच्याच नावाने नोंदली जाई. 1664 मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेल्यावर आडनावं हळूहळू गोठली. कोणी गावाचं नाव धरलं, कोणी धंद्याचं, कोणी बापाचंच कायम केलं. त्यामुळे दोन यान्सेन घराण्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो. सख्ख्या भावांचे वंशज मात्र वेगवेगळ्या आडनावांनी सापडतात.

मग माग काढायचा कसा? पहिल्या नावांवरून. आजी-आजोबांची नावं नातवंडांना ठेवायची, ही डच घरांतली रीत. बाप्तिस्म्याच्या वहीत एका ओळीत तारीख, बाप, बहुतेकदा आई, मूल आणि साक्षीदार असतात; वाचणाऱ्याने साक्षीदारांकडे जास्त लक्ष द्यावं, कारण ते बहुधा काका, मावशी, आजी असतात. न्यू अॅमस्टरडॅमच्या, म्हणजे पुढच्या न्यूयॉर्कच्या, चर्चमधल्या अशा नोंदी 1639 पासूनच्या उपलब्ध आहेत.

आनेकेच्या मुलांची नावं या रीतीने वाचली, तर राजवाड्याची वाट सापडत नाही. त्राइंत्ये हे आजी त्राइनचं नाव. योनास हे आनेकेच्या आजोबांचं. विलेम या नावावरून कोणाला ऑरेंजचा विल्यम आठवेल, पण बोगार्डसच्या वडिलांचंच नाव विलेम होतं. अॅमस्टरडॅममधल्या 1623 च्या विवाहनोंदीत आनेकेचं गाव नॉर्वेतलं फ्लेकरॉय आहे. 1630 मध्ये ती नवऱ्याबरोबर हडसनकाठच्या रेन्सलरच्या जहागिरीत शेती करायला आली. तिची आई न्यू अॅमस्टरडॅममध्ये सुईण होती.

1885 साली स्थापन झालेल्या हॉलंड सोसायटी या डच वसाहतीतल्या लोकांच्या वंशजांच्या संस्थेने सभासदत्वासाठी 1675 पर्यंत वसाहतीत राहणाऱ्या पूर्वजापासून थेट पुरुषवंश मागितला. आनेकेच्या बाबतीत मात्र बोगार्डस आडनावाच्या धाग्याने फक्त दुसऱ्या लग्नाच्या मुलग्यांपर्यंतच जाता येतं. रूलोफच्या मुलींचा वंश वेगवेगळ्या नवऱ्यांच्या नावांत विखुरला. सारा रूलोफ्सने किअरस्टेड नावाच्या शल्यवैद्याशी लग्न केलं, म्हणून तिची मुलं किअरस्टेड. स्थानिक लेनापे लोकांशी वाटाघाटी करताना डच गव्हर्नर स्टायव्हेसंटची दुभाषी हीच सारा होती. आडनावांच्या यादीतून आनेके शोधणाऱ्याला सारा भेटतच नाही. चर्चच्या वहीत आईच्या नावावर बोट ठेवून वाचणाऱ्याला भेटते.