हॅलोवीन आणि अनोकाचे दुकानदार

ऑक्टोबरअखेरीस आमच्या धर्मग्रामातील एका पालकांनी आम्हांला विचारले, "फादर, मुलाला मॉलमधल्या हॅलोवीनला पाठवू का?" भुताखेतांचे मुखवटे पाहून ते धास्तावले होते. माल खपविण्यासाठी दुकानदारांनी काढलेले हे खूळ आहे, असे उत्तर आमच्या जिभेवर आले होते. पण इतिहास चाळल्यावर हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे आम्हांला आढळले.

या नावातच एक सण दडलेला आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईन' म्हणजे संध्याकाळ. अर्थात सर्व संतांच्या सणाची ही पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावे प्रार्थनास्थान उभारले आणि ८३५ च्या सुमारास, चौथ्या ग्रेगरींच्या काळात, १ नोव्हेंबरचा सण फ्रँक साम्राज्यात रूढ झाला. १९१७ च्या धर्मविधानानुसार या पूर्वसंध्येस उपास असे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी ती उपासना-पंचांगातून वगळली. आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी मात्र उपासापेक्षा तिच्यातली सोंगे व खोड्याच अधिक जपल्या आणि एकोणिसाव्या शतकात त्या अमेरिकेत नेल्या.

मिनेसोटा राज्यात, रम नदी मिसिसिपीला मिळते तेथे, अनोका हे गाव आहे. १९२० च्या सुमारास त्याची वस्ती चार हजारांच्या आसपास होती. हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी गाव जागे व्हावे, तो भर बाजारपेठेतून गाई हिंडत आहेत, काचांवर साबण फासला आहे आणि परसातले संडास आडवे पडले आहेत! शिमग्याला लाकडे पळविणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

पहारा वाढविता आला असता, मुलांना कोंडूनही ठेवता आले असते. परंतु जॉर्ज ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० साली मुलांनाच उत्सवात ओढण्याचे ठरविले. ग्रीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कमर्शियल क्लब, म्हणजे गावचे व्यापारी मंडळ, आणि किवानिस क्लब यांनी महिनाभर खपून पैसा उभा केला. ज्यांच्या दुकानांना उपद्रव होत असे, त्यांनीच हात सैल सोडला. जवळजवळ १,००० शाळकरी मुले मिरवणुकीत चालली. सोबत पोलीस, अग्निशमन दल आणि ढोलपथक. मग शेंगदाणे, लाह्या, गोळ्या वाटल्या गेल्या आणि ब्रिज स्क्वेअरच्या चौकात मोठा जाळ पेटविण्यात आला. काल ज्याच्या काचेवर साबण फासला, त्याच्याच हातचे शेंगदाणे आज खायचे; मग खोडी काढायला हात कसा उचलावा?

असा उत्सव प्रथम आम्हीच केला, असे अनोकाकर म्हणतात. कॅन्ससमधील हायवाथाचे लोक १९१४ साल पुढे करतात. तेथे बागेच्या नासधुशीला कंटाळून एलिझाबेथ क्रेब्स या बाईंनी मुलांसाठी उत्सव सुरू केला होता. हा वाद त्या दोन गावांनी मिटवावा. १९३७ साली हॅरॉल्ड ब्लेअर हा बारा वर्षांचा मुलगा 'हॅलोवीनची राजधानी' हा किताब मागण्यासाठी गावाचे निवेदन घेऊन वॉशिंग्टनला गेला. महायुद्धामुळे १९४२ आणि १९४३ साली उत्सव झाला नाही, पण पुढे तो पुन्हा भरू लागला.

व्यापाऱ्यांचा हेतू अगदीच निर्लेप होता, असे आम्ही म्हणत नाही; गर्दी जमली की गल्लाही भरतो. आम्हांला खटकते ते निराळेच. या उत्सवाच्या जी वर्णने आमच्या वाचनात आली, त्यांत सर्व संतांचा उल्लेख कोठेही नाही. ही जागा दुकानदारांनी बळकावली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. उपासाचे नियम आम्ही धर्मगुरूंनी चोख सांगितले; त्या संध्याकाळी मुलांनी करायचे काय, हे सांगायचे राहून गेले. ग्रीन यांच्या समितीने ते सांगितले.

त्या पालकांना आम्ही ही सारी हकीकत ऐकविली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "मग पाठवू ना, फादर?" कार्यक्रम किती वाजता संपतो, एवढेच आम्ही विचारले, १ नोव्हेंबरचे मिस्साबलिदान सकाळी साडेसहाला होते.