यंत्रमागाचा अभिकल्प व विणकर

यंत्र हाताळणाऱ्या व्यक्तीचे शरीर, सवयी व कामाची परिस्थिती यांचा अभ्यास करून यंत्राची रचना ठरविणे, यास वापरकर्ताकेंद्री अभिकल्प म्हणतात. यंत्रमागाच्या बाबतीत हा विचार उशिरा रुजला. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमाग-केंद्रात त्याचे परिणाम दिसून येतात.

इतिहास : एडमंड कार्टराइट यांनी १७८५ मध्ये यंत्रमागाचे एकस्व घेतले. केनवर्दी व बुलो यांनी १८४२ मध्ये तयार केलेल्या लँकाशर मागात बाण्याचा धागा तुटताच माग थांबविण्याची योजना होती. अशा सुधारणांचा मुख्य हेतू कापडाचे उत्पादन व दर्जा वाढविणे हा होता. कांडी बदलल्यावर मात्र धोट्याच्या छिद्राला तोंड लावून विणकराला धागा श्वासाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे कापसाची धूळ शरीरात जाई व एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागून रोगसंसर्गाचा धोका उद्भवे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १९११ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद केली. लँकाशरमध्ये बंदी १९५२ मध्ये आली. हाताने धागा ओवण्याचे धोटे त्यापूर्वीच उपलब्ध होते. परंतु ते घेण्याचा निर्णय विणकराच्या हाती नव्हता.

मूलतत्त्वे : गूल्ड व लुइस यांनी १९८५ मध्ये संगणकप्रणालींच्या संदर्भात तीन तत्त्वे मांडली : वापरणाऱ्यांकडे व त्यांच्या कामाकडे प्रारंभापासून लक्ष देणे, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप करणे आणि त्यानुसार रचना पुनःपुन्हा सुधारणे. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान या उपयोगितेच्या कसोट्या ठरविल्या. महाराष्ट्रात पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले.

भिवंडीतील स्थिती : येथील अनेक साधे माग गिरण्यांतून जुने म्हणून विकत घेतलेले होते. माग विकत घेणारा मालक व तो चालविणारा कामगार या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. कामगाराला मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या लांबीवर मिळते. दीर्घ पाळी, कर्कश आवाज, कापसाची धूळ व उसळून बाहेर येणारा धोटा यांचा त्रास त्यालाच सोसावा लागतो. केंद्र शासनाने १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडी येथे आरंभिलेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत साध्या मागांना धागा तुटताच थांबविणारी साधने बसविण्यासाठी अर्थसाहाय्य ठेवले होते. अशा साधनांमुळे कापडातील दोष घटतात व विणकराला सतत धाग्यावर नजर ठेवावी लागत नाही. तथापि त्याच सोयीमुळे एका विणकराकडे अधिक माग सोपविणेही शक्य होते. म्हणून सुधारणेचे मूल्यमापन करताना कापडाच्या मीटरांबरोबरच विणकराची श्रवणशक्ती, थकवा व सुरक्षितता यांचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.