समुद्राची रोजकीर्द

कामगार चळवळीत आम्ही एक धडा शिकलो : ज्याची नोंद नाही, त्याला दाद नाही. समुद्राचेही तसेच आहे.

जुलै १९२८ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश शास्त्रीय तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर उतरली. रसायनज्ञ ए. पी. ऑर वर्षभर नावेतून पाण्याचे नमुने काढीत राहिले. उष्णतामान, क्षारता, प्राणवायू, फॉस्फेट असे आकडे वहीत चढत गेले. काम कंटाळवाणे, पण खाडा नाही. यारबा मिशनमधून आणलेल्या मूळ रहिवासी स्त्रीपुरुषांनी तेथली चूल सांभाळली, पडेल ते कष्ट उपसले. त्यांची आठवण आम्ही तरी ठेवलीच पाहिजे.

१९२९ च्या उन्हाळ्यात पाणी तापले आणि पोवळी पांढरी पडली. उष्णतेने पोवळ्यांच्या अंगातील अन्न पुरविणारे सूक्ष्म शैवाल बाहेर पडते, हे यंग व निकोल्स यांनी प्रयोगाने दाखविले. १९९८ नंतर रीफवर हे संकट मोठ्या प्रमाणावर वारंवार आले. २०१६ व २०१७ मध्ये तर लागोपाठ. जुन्या नोंदी हाती घेऊन संशोधक लो आइल्सवर पुन्हा गेले, तेव्हा कित्येक जाती उणावलेल्या आढळल्या. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सज्जनहो, त्या वह्या नसत्या, तर ही घट कोणी कबूल केली असती?