राजपुत्राचे जलरंग आणि लोकांचे मत

लंडनच्या रॉयल अकॅडमीत 1769 पासून दरवर्षी एक मोठे प्रदर्शन भरते. नामवंतांबरोबर कोणीही हौशी माणूस तिथे आपले चित्र पाठवू शकतो. 1987 साली आलेल्या चित्रांत एक छोटे जलरंगचित्र होते आणि चित्रकाराचे नाव होते आर्थर जॉर्ज कॅरिक. निवड समितीने ते स्वीकारले. हे कॅरिक म्हणजे तेव्हाचे युवराज, आजचे राजे चार्ल्स. नाव अगदीच बनावट नव्हते. ‘आर्थर जॉर्ज’ हा त्यांच्या पूर्ण नावाचाच भाग आहे आणि कॅरिक ही त्यांच्या तेव्हाच्या अनेक पदव्यांपैकी एक स्कॉटिश पदवी होती.

उत्तरपत्रिकेवरचा आसन क्रमांक झाकून पेपर तपासायला देतात, तसाच हा प्रकार. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबायला हवे. नाव झाकले म्हणून परीक्षकाची आवडनिवड झाकली जात नाही. चार्ल्स यांना मार्गदर्शन करणाऱ्यांत जॉन वॉर्ड आणि ह्यू कॅसन होते. दोघेही याच अकॅडमीचे सदस्य, आणि कॅसन तर 1984 पर्यंत तिचे अध्यक्ष. म्हणजे ज्या घराण्याची शैली शिकली, त्याच घराण्याच्या दरबारात गाणे सादर केले. यात लबाडी कसलीच नाही. मात्र ‘नाव न कळता निवड झाली, म्हणजे चित्र उत्तमच’ हा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

हे चित्र लोकांच्या मतासमोर का ठेवावेसे वाटले असेल? त्यासाठी जवळजवळ दीडशे वर्षे मागे जाऊ.

राणी व्हिक्टोरिया स्वतः जलरंगात रंगवत असे. 1846 मध्ये एडवर्ड लिअर यांनी तिला काही धडे दिले. त्यानंतर विल्यम लीच यांनी बरीच वर्षे शिकवले. तिने आणि तिचा पती अल्बर्ट याने एचिंगही केली होती, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटून, आम्लाने कोरून काढलेले छाप. विषय घरगुती: मुले, पाळीव कुत्री, असेच काही. ही चित्रे जवळच्या लोकांना भेट देण्यापुरती होती. छपाईसाठी पत्रे विंडसरच्या एका मुद्रकाकडे गेले आणि तिथून जास्तीचे छाप बाहेर फुटले. ते जॅस्पर जज नावाच्या माणसाच्या हाती लागले. त्याने विल्यम स्ट्रेंज या प्रकाशकाच्या साथीने त्यांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले, सूचीपुस्तिकाही छापली. पुस्तिका घेणाऱ्याला राजदांपत्याच्या सहीची हुबेहूब प्रत ‘परवानगीने’ भेट मिळेल, अशी जाहिरातही त्यात होती. परवानगी अर्थातच नव्हती.

अल्बर्ट न्यायालयात गेला. 1849 मध्ये लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी प्रदर्शनाबरोबर सूचीपुस्तिकेवरही मनाई कायम ठेवली. शेवटचा मुद्दा नीट वाचा. पुस्तिकेत चित्रे नव्हती, फक्त त्यांचे वर्णन होते. तरीही ती रोखली गेली, कारण खाजगी कामाविषयी लोकांना काय कळू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार ते काम करणाऱ्याचा, असे न्यायालयाने मानले. 1890 मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकन वकिलांनी खाजगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या खटल्याचा मोठा आधार आहे. त्या लेखाची चर्चा आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 च्या पुट्टस्वामी निकालात केली. आज तुम्ही मोबाइलवर ज्या हक्काची भाषा बोलता, तिच्या मुळाशी एका राणीच्या हौशी चित्रांवरून झालेले भांडण आहे. मला स्वतःला हा दुवा फार आवडतो.

आता जलरंगच का? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे माहीत हवे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जलरंग हे लष्करी सर्वेक्षणाचे साधन होते. वुलिचच्या लष्करी अकादमीत पॉल सँडबी कॅडेटांना चित्रकला शिकवत. डोंगर, नदी, किल्ल्याची तटबंदी कागदावर उतरवता येणे हे अधिकाऱ्याचे काम होते, कॅमेरा तेव्हा कुठे होता! ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोंब येथील शाळेतही चित्रकला हा विषय होता. मुंबईच्या फौजेतील ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानातील दृश्यांचा संग्रह प्रसिद्ध केला तो याच परंपरेतून. त्या काळी ‘हौशी’ म्हणजे कच्चा नव्हे. पोटासाठी चित्रे काढत नाही असा सभ्य गृहस्थ. विसाव्या शतकात आधुनिक कला आली, आणि डोंगर-वाड्यांचे नेटके जलरंगचित्र हा सुट्टीतला विरंगुळा ठरला. चार्ल्स यांनी ब्रश धरला तो या बदललेल्या काळात.

शिवाय त्यांनी एक भांडण आधीच ओढवून घेतले होते. 1984 मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेच्या दीडशेव्या वर्षाच्या समारंभात त्यांनी नॅशनल गॅलरीच्या नियोजित विस्ताराला प्रिय मित्राच्या चेहऱ्यावर उठलेल्या गळवाची उपमा दिली. तो आराखडा बारगळला. आधुनिक वास्तुकलेच्या बाजूने उभ्या असलेल्यांना पुढे त्यांच्या चित्रांत फक्त रंग दिसणे कठीणच होते. उलट बाजूला राजनिष्ठ खरेदीदार होते आणि त्यांनाही फक्त रंग दिसत नव्हते. 1994 मध्ये तर ब्रिटिश टपाल खात्याने त्यांच्या पाच चित्रांची तिकिटे काढली. स्तुती करणारे आणि नाके मुरडणारे, दोघेही बहुधा राजेशाहीबद्दल बोलत होते.

चार्ल्स यांचे स्वतःचे म्हणणे साधे आहे: ही थोर कला आहे असा आपला भ्रम नाही, हा आपल्या परीने केलेला फोटोंचा आल्बम आहे. हा नम्रपणा खरा मानायला हरकत नाही. पण आल्बम कपाटात राहतो. त्यांच्या चित्रांचे लिथोग्राफ मात्र विक्रीला आले, पैसे धर्मादाय कामाला गेले, आणि 2022 च्या सुरुवातीला लंडनमध्ये 79 जलरंगचित्रांचे प्रदर्शन भरले. व्हिक्टोरियाच्या काळी जे न्यायालयाकडून झाकून घेतले, ते आता आपण होऊन मांडले जात होते.

त्याच वर्षी 8 सप्टेंबरला ते राजे झाले. ऑक्टोबरमध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात त्यांच्या बालमोरल किल्ल्याच्या चित्राचा 2001 मधील एक लिथोग्राफ आला. शंभर प्रतींपैकी एक. अंदाज होता सुमारे 600 पौंडांचा. तो 5,700 पौंडांहून अधिक किमतीला गेला. एकवीस वर्षांत चित्रातली एक रेषाही बदललेली नव्हती.