शिसे, गंधक, सोरा : एका व्याख्येचा इतिहास

'दारू' हा शब्द फारसीत औषधाचा. मराठीत तो बंदुकीच्या भुकटीलाही लागला आणि मद्यालाही. शब्दांचे अर्थ असे वाहत असतात, हे आपण साहित्याचे लोक कौतुकाने सांगतो. कायद्याला मात्र हे वाहणे परवडत नाही. स्वतःजवळ उरलेली काडतुसे किंवा त्यांचे सुटे भाग दुसऱ्यास विकणारा गृहस्थ गुन्हेगार ठरतो की नाही, हे तेथे एखाद्या नामावर आणि एखाद्या 'परंतु'वर अवलंबून असते. म्हणून कायद्याचा मजकूरही बारकाईने वाचावा, असे आम्हांस वाटते.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, 1878 साली, दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घातली आणि इंग्रजी पत्रांना मोकळे ठेवले. दुसरा शस्त्रांचा. पहिला काही वर्षांतच रद्द झाला. दुसरा स्वातंत्र्यानंतरही 1959 च्या कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत टिकला. त्यातील 'दारूगोळा' या संज्ञेची व्याख्या म्हणजे एक लांबलचक यादी आहे. चकमकीचे दगड, बार ठासताना लागणारे बोळे, बंदुकीच्या टोप्या, दारूगोळ्याचे सर्व सुटे भाग, इतकेच नव्हे तर तो तयार करण्याची यंत्रेही तीत येतात. शेवटी मात्र शिसे, गंधक आणि सोरा वगळले आहेत. ही उदारता नव्हे. या वस्तू बाजारात रोजच्याच. सरसकट बंदी व्यवहार्य नव्हती. परंतु त्याच कलमात 'लष्करी सामग्री' अशी निराळी संज्ञा आहे, आणि सरकारने ठरवल्यास हीच तिन्ही नावे तीत येऊ शकत होती. एका दाराने बाहेर घालवलेला शब्द दुसऱ्या दाराने आत!

खरी गोम पाचव्या कलमात आहे. परवान्यावाचून विक्रीस बंदी. पण खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली वस्तू, जिला ती बाळगण्याची मनाई नाही अशा व्यक्तीस विकता येई. मात्र विक्रीनंतर विनाविलंब खरेदीदाराचे नाव व पत्ता जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या ठाण्यात कळवावा लागे. आता 'परंतु' पाहा : खरेदीदार सत्ताविसाव्या कलमाखाली सूट मिळालेला असेल, तर कळवण्याचे कारण नाही. आणि आरंभीच्या नियमांनुसार सूट मिळालेल्यांत युरोपियन लोक होते. काडतूस तेच, विकणाराही तोच. चौकीत वर्दी द्यावयाची की नाही, हे घेणाऱ्याच्या वर्णावर ठरे.

या अपमानाची बोच राष्ट्रीय सभेच्या 1887 च्या मद्रास अधिवेशनात व्यक्त झाली. 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. तोच हक्क राज्यघटनेत यावा, अशी दुरुस्ती डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कराचीची मागणी परकीय सत्तेने नि:शस्त्र केलेल्या जनतेची होती, ही पार्श्वभूमी त्यांनी ध्यानात आणून दिली. सत्ता आपली झाल्यावर तोच शब्द निराळा अर्थ धारण करतो, हे त्यांनी ओळखले होते.

1959 च्या कायद्यात यादी अणुयुगापर्यंत येते : विखंडनक्षम द्रव्याचाही उल्लेख आहे. दारूगोळ्याचे कोणते घटक त्यात मोडतात, हे राजपत्रातून जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. खाजगी विक्रीची वाट आजही उघडी आहे, पण वर्दीचा काळ उलटला आहे. परवान्याची वस्तू विकण्यापूर्वीच लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावे लागते. गोऱ्या खरेदीदाराची वाट बंद झाली. संशय मात्र विक्रीच्या मागून निघून पुढे येऊन उभा राहिला.

पंचेचाळिसाव्या कलमात एक सवलत आहे. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल, तर किरकोळ सुटे भाग मिळवणे, बाळगणे किंवा नेणे यांस कायदा लागू नाही. वस्तूंची यादी करता करता कायदा अखेर माणसाच्या मनापाशी येऊन थांबतो. पण त्या तीन क्रियापदांत 'विकणे' नाही. आजोबांच्या पेटीतले भाग जपून ठेवणाऱ्या नातवाचा हेतू कायदा समजून घेईल. ते विकावयास निघालेल्याने मात्र त्या सवलतीवर विसंबू नये.