गाजरगवताचा इतिहास आणि हर्बेरियममधील नोंदी : उमापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात असलेल्या उमापूर परिसरात, मराठवाड्यात इतरत्र दिसते त्याप्रमाणेच, पडीक जमीन, बांध व रस्त्यांच्या कडा गाजरगवताने व्यापलेल्या आढळतात. त्वचारोग व श्वसनविकारांस कारणीभूत ठरणाऱ्या या तणास शेतकरी ‘काँग्रेस गवत’ म्हणतात. अमेरिकेच्या ‘पी.एल. ४८०’ कायद्यान्वये आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात आले, असा समज रूढ आहे. वनस्पतिनमुन्यांच्या नोंदींच्या आधारे या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदींचा पुरावा :
पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. पुण्यात १९५५ मध्ये आढळलेल्या या वनस्पतीची ‘भारतातील नवी नोंद’ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. भारताचा पी.एल. ४८० अंतर्गत पहिला करार मात्र ऑगस्ट १९५६ मधील आहे. म्हणजे वनस्पती आधी व करार नंतर, असा कालक्रम दिसतो. तथापि १९५१ च्या कर्जातूनही अमेरिकन गहू भारतात आला होता. त्यामुळे धान्याचा मार्ग सर्वस्वी नाकारता येत नाही.

याहून जुना पुरावा डेहराडून येथील वन संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये आहे. तेथे डीट्रिश ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला नमुना जतन केलेला आहे. रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता उद्यानातील वनस्पतींच्या १८१४ च्या यादीतही हे नाव येते. अर्थात, वनस्पतीचे अस्तित्व व तिचा प्रसार या भिन्न गोष्टी होत. जुना नमुना पहिली गोष्ट सिद्ध करतो, दुसरी नव्हे.

मराठवाड्याची मर्यादा :
कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातील ग्रंथ मुंबई इलाख्यापुरता होता. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिला. मराठवाड्याच्या वनस्पतींचा व्यापक ग्रंथ वि. ना. नाईक यांनी १९९८ मध्ये सिद्ध केला. म्हणून जुन्या ग्रंथातील अनुल्लेखावरून उमापूरसारख्या गावाचा वनस्पती-इतिहास ठरविणे योग्य नव्हे. तेथे नोंद नाही याचे कारण राज्याची सीमा हेही असू शकते.

निष्कर्ष :
लोकस्मृती तणाचा उपद्रव केव्हा जाणवू लागला ते सांगते, तर नमुना त्याच्या अस्तित्वाची तारीख देतो. इतिहासलेखनास दोन्हींची गरज आहे. स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव यांसह आज महाविद्यालयात जतन केलेला साध्या तणाचा नमुनाही उद्याचा अस्सल दस्तऐवज ठरेल.