बट्टा, बटवडा आणि गिफ्ट कार्ड : अक्कलकोट रस्त्याची जुनी शिकवण

१/
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचे माग चालतात. दिवाळी जवळ आली की अशा औद्योगिक वसाहतींत बोनसाची चर्चा सुरू होते. पूर्वी बोनसाबरोबर मिठाईचा पुडा मिळे. आता अनेक ठिकाणी त्याच्या जागी गिफ्ट कार्ड येते. त्यावर ‘₹१,०००’ असे छापलेले असते. पण हे हजार रुपये खरोखर हजारच असतात का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला याच रस्त्याचा इतिहास उपयोगी पडतो.

२/
स्वातंत्र्यापूर्वी सोलापूर ब्रिटिश मुलखात होते. या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर गेले की अक्कलकोट संस्थान लागे आणि त्यापलीकडे गुलबर्ग्याच्या दिशेने निजामाचे राज्य सुरू होई. राज्य बदलले की रुपयाही बदले. ब्रिटिशांच्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत, निजामाच्या रुपयाला ‘हाली सिक्का’. पुढे रूढ झालेल्या दराने सात हाली म्हणजे सहा कलदार होत. दोन्ही नाण्यांचे नाव रुपयाच, पण मोल मात्र वेगळे.

३/
सोलापूरच्या गिरण्यांत आणि मागांवर तेलंगणातून आलेले विणकर मोठ्या संख्येने होते. त्यांचे गाव हाली सिक्क्याच्या मुलखात आणि मजुरी कलदारात. नाणे बदलून घेताना सराफ ‘बट्टा’ कापी. हुंडीने पैसे पाठवायचे तर ‘हुंडणावळ’ द्यावी लागे. मुदतीपूर्वी हुंडीचे पैसे हवे असल्यास ‘वटाव’ सोसावा लागे. पैसा एका रूपातून दुसऱ्या रूपात गेला की वाटेत थोडा झिजतो, हे मराठी बाजाराला इतके ठाऊक होते की प्रत्येक झिजेला त्याने स्वतंत्र नाव दिले.

४/
याहून मोठा धोका मजुरीच नाण्याऐवजी बिल्ल्यात मिळण्याचा होता. इंग्लंडमध्ये काही कारखानदार मजुरांना स्वतःच्याच दुकानात चालणारी चिठ्ठी किंवा टोकन देत. दुकान मालकाचे, भावही मालकाचा. १८३१ च्या ‘ट्रक अ‍ॅक्ट’ने या प्रथेला आळा घातला. आसामच्या चहामळ्यांतही धातूचे बिल्ले चालत. मळ्याच्या बाहेर त्यांना फारशी किंमत नसे. मजुराने घाम गाळून मिळवलेला पैसा कुठे खर्च करायचा, हे दुसराच ठरवी.

५/
भारतात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच देण्याचे बंधन घातले. धनादेश आणि बँक खात्याचा मार्ग पुढे खुला झाला. १९६५ च्या बोनस कायद्यानेही बोनस रोख देण्यास सांगितले. २०१९ च्या वेतन संहितेत तो बँक खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे : कार्ड ही भेट असू शकते, पण कायद्याने देय असलेल्या बोनसाची जागा ते घेऊ शकत नाही. बटवड्याच्या दिवशी हा फरक ध्यानात असलेला बरा.

६/
गिफ्ट कार्ड दोन प्रकारचे असते. पहिले एकाच दुकानाचे किंवा साखळीचे. ते दुसरीकडे चालत नाही, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि मुदतीच्या अटी ते दुकानच ठरवते. दुसरे बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने दिलेले, अनेक दुकानांत चालणारे. त्यावर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. म्हणून कार्ड हाती येताच ते कोणी दिले आहे हे आधी वाचावे.

७/
रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार दुसऱ्या प्रकारच्या गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम ₹१०,००० आहे. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. मुदत किमान एक वर्ष असते. ती संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत धारकाला सूचना देणे, तसेच सर्व शुल्के आणि अटी आधीच स्पष्ट सांगणे, हे कार्ड देणाऱ्याचे कर्तव्य आहे. मुदत संपली म्हणून पैसे लगेच बुडत नाहीत. उरलेली रक्कम बँक खात्यात परत मागता येते.

८/
मग आजचा बट्टा कुठे आहे? कार्ड काढतानाच्या शुल्कात आणि त्यावरील जीएसटीत तो असू शकतो. त्याहून मोठा बट्टा मात्र नजरेआड राहतो. हजाराच्या कार्डातून ₹९३० ची खरेदी झाली आणि उरलेले ₹७० कार्डातच विसरले गेले, तर तो थेट सात टक्के बट्टा झाला. त्यामुळे बिल देताना आधी कार्डातील सगळी रक्कम वापरावी आणि कमी पडेल ती रोखीने किंवा यूपीआयने भरता येईल का, हे दुकानदाराला विचारावे. शिलकेवर व्याज मिळत नाही; कार्ड साठवून काहीच वाढत नाही.

९/
हुंडीच्या व्यवहारात पेढी ओळखीची असे आणि शाहजोग हुंडीचे पैसे पत असलेल्या शाहूलाच मिळत. गिफ्ट कार्डाला असे संरक्षण सहसा नसते. ज्याला क्रमांक आणि पिन कळला, पैसे त्याचे. ‘साहेब बोलतोय, कार्डे घेऊन क्रमांक पाठव’ असा निरोप आला, तर साहेबांच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. दंड, वीजबिल किंवा कर गिफ्ट कार्डाने मागणारा ठग समजावा. विकत घेताना पिनवरची पट्टी खरवडलेली नाही ना, हे पाहावे, पावती जपावी. शिल्लक कार्डावर छापलेल्या संकेतस्थळावरच तपासावी.

१०/
फसवणूक झालीच, तर कार्ड देणाऱ्या संस्थेला तत्काळ कळवून ते बंद करवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सोलापूरकराला हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. ते मार्शल लॉचे वर्ष आहे.

हाली सिक्का इतिहासजमा झाला, सराफाचा तो बट्टाही गेला. मात्र कलदार मोजून घेणाऱ्या विणकराला पडणारे प्रश्न अजून तेच आहेत : हा पैसा कोणाच्या हातात आहे, कुठे चालतो, आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातला किती उरतो?